पानावरचा आडवा हात

माझ्या एका जुन्या वहीत पेन्सिलीने लिहिलेला एक शब्द आहे. ‘मृत’. त्यावर आडवी रेघ आहे, पण अशी, की खालचा शब्द नीट वाचता यावा. प्रयोगशाळेच्या वहीत खाडाखोड अशीच करतात. चूक पुसायची नाही, तिच्यावर एकच रेघ ओढायची आणि शेजारी तारीख-वेळ घालायची. माझ्या रेघेशेजारी दुसऱ्या दिवशीची सकाळची वेळ आहे आणि पुढे एक आकडा, ०.५४. वही न्यू-ऑलेसुंडची आहे, उत्तर ध्रुवाजवळच्या नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरच्या गावाची. पानाच्या कोपऱ्यात पाणी सुकल्याचा खारट पांढरा डाग आहे, आणि इतक्या वर्षांनी पान नाकाशी नेलं तर समुद्राचा नाही तरी कसला तरी ओलसर वास येतो, असं मला वाटतं. गेल्या महिन्यात कपाट आवरताना ही वही हाती लागली आणि तेव्हापासून तो खोडलेला शब्द मनातून जात नाही.

घडलं होतं ते लहानसंच. गावाशेजारच्या कोंग्सफ्योर्ड या समुद्राच्या अरुंद फाट्याच्या आतल्या टोकाशी त्या वर्षी थोडा समुद्रबर्फ धरला होता. तिथून आम्ही बर्फाचे दंडगोल कापून आणले, त्यांच्या तळाचा तपकिरी थर गाळलेल्या थंड समुद्राच्या पाण्यात विरघळवला आणि तीन बाटल्या भरल्या. त्या थरात राहणाऱ्या डायटमांची, म्हणजे एकपेशीय सूक्ष्म शैवालांची, तब्येत मला तपासायची होती. पहिल्या बाटलीतलं थोडं पाणी काचेच्या कुपीत घेऊन यंत्रात ठेवलं, झाकण लावलं, कळ दाबली. ज्या आकड्यावरून तब्येत कळते तो ०.१ च्या आसपास आला. दुसऱ्या बाटलीचंही तेच. मी थकलेली होते, बोटं बधिर झाली होती. वहीत ‘मृत’ लिहिलं आणि दोन्ही बाटल्या सिंकमध्ये ओतून टाकल्या. तिसरी राहिली ती केवळ जेवणाची घंटा चुकू नये म्हणून. शीतगृहाच्या कोपऱ्यात तिच्यावर काळं कापड टाकलं आणि निघून गेले. सकाळी धुवायच्या आधी सहज, सवयीने, तिच्यातली कुपी यंत्रात ठेवली.

०.५४. बर्फाखालच्या डायटमांसाठी हा चांगला धडधाकट आकडा.

आमच्या वेंगुर्ल्याच्या घरी ताटं उचलायचं काम आई कुणाला करू देत नसे. त्यात सोवळंओवळं काही नव्हतं. ताटात काय उरलं ते तिला स्वतः बघायचं असे. बाबांनी मिठाची चिमूट तशीच ठेवली, म्हणजे आज कामावर काहीतरी बिनसलंय. धाकट्याने बांगड्याचा मधला काटा कोरून न खाता तसाच बाजूला सारला, म्हणजे अंगात कसकस आहे. माझ्या ताटात पेज अर्धी राहिली आणि लोणच्याची फोड मात्र चोखून संपवलेली, म्हणजे उद्या परीक्षा. जेवताना कोण काय खातो याकडे तिचं लक्ष नसे, ती वाढण्यात गुंतलेली. तिचं सगळं वाचन नंतरचं, उष्ट्या ताटावरचं. “बरा नाय काय गो तुका?” असं ती विचारायची ते मागीलदारी ताट विसळता विसळता, माझ्याकडे पाठ करून. आणि बहुतेक वेळा तिचं बरोबर असायचं.

मी पुढे आयुष्यभर जे काम केलं ते हेच, हे मला फार उशिरा कळलं. हरितद्रव्यावर उजेड पडला की त्याच्या तीन वाटा होतात. काही भाग प्रकाशसंश्लेषणात जातो, म्हणजे खाल्ला जातो. काही उष्णता होऊन निघून जातो. आणि अगदी थोडा, नेहमीच्या उजेडात जेमतेम शंभरात एक-दोन भाग, लालसर उजेड होऊन परत बाहेर पडतो. हीच प्रतिदीप्ती. आपल्या डोळ्याला ती एरवी दिसत नाही, कारण पानावरून परतणाऱ्या लखलखीत हिरव्या उजेडात ती बुडून जाते. पण ती असते. परसातल्या आळवाच्या पानावर असते, पावसाळ्यात चिऱ्याच्या भिंतीवर चढणाऱ्या शेवाळावर असते, आणि दीड मीटर बर्फाखाली चिकटून राहिलेल्या एकपेशीय डायटमावरही असते. पेशीला हात न लावता, तिला मारून तिचा अर्क न काढता, तिने न खाल्लेल्या उजेडावरून तिने किती खाल्लं हे सांगता येतं. ज्याने कुणी हे पहिल्यांदा ताडलं त्याच्याविषयी मला आईइतकाच आदर वाटतो. १९३१ साली हान्स काउट्स्की आणि हिर्श या दोघांनी जर्मनीत एक छोटंसं टिपण छापलं. काळोखात ठेवलेल्या पानावर अचानक उजेड टाकला की लाल चमक झपकन वाढते आणि मग काही मिनिटांत हळूहळू उतरत जाते. हे त्यांनी चक्क डोळ्यांनी पाहिलं होतं. काळोखातून उठलेलं पान आधी गोंधळतं, उजेड सांडतं, मग कामाला लागतं आणि सांडणं कमी होतं.

मला हे पंगतीवरून समजतं, आणि नवीन विद्यार्थ्यांनाही मी ते पंगतीवरूनच सांगते. माणसं पानावर बसली आहेत, पानं रिकामी आहेत, सगळे भुकेले आहेत. वाढपी घाईघाईने एक फेरी मारतो. तेव्हाही चार शितं पानाबाहेर सांडतातच. हे कमीत कमी सांडणं. आता एका क्षणात सगळ्यांच्या पानावर भाताचे डोंगर रचा, इतके की कुणालाच आणखी घास घेता येऊ नये. यापुढे जे वाढाल ते सगळं बाहेर. हे जास्तीत जास्त सांडणं. या दोन सांडण्यांमधला फरक काढायचा आणि त्याला जास्तीत जास्त सांडण्याने भागायचं. येणारा आकडा सांगतो की ही पंगत जेवायला बसली तर वाढलेल्यातलं किती पोटात घालू शकते. जमिनीवरच्या निरोगी झाडाच्या पानाला तो ०.८३ च्या जवळ येतो. डायटमांना ०.६ च्या आसपास, कधी थोडा वर. यंत्र एवढंच करतं. आधी अगदी मंद उजेडाचे कण टाकून पहिलं सांडणं मोजतं, मग सेकंदभराहूनही कमी वेळ डोळे दिपवणारा झोत टाकून दुसरं. उल्रिश श्रायबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ च्या सुमारास जी पद्धत बसवली तिच्यात हा मोजणीचा उजेड ठरावीक लयीत लुकलुकतो आणि यंत्र फक्त त्या लयीत परतलेलं उत्तर ऐकतं. बाकी कितीही ऊन असो, दिवा असो. जत्रेत दशावताराच्या मृदंग-झांजांच्या गदारोळात बाबा एक ठरलेली शीळ घालायचे, दोन आखूड, एक लांब, आणि आम्ही भावंडं कुठेही असलो तरी तेवढीच ऐकायचो. ते यंत्र पहिल्यांदा समजलं तेव्हा मला ती शीळ आठवली होती.

या सगळ्या मोजणीला एक अट असते. आधी काळोख द्यायला हवा. निदान पंधरा-वीस मिनिटं. पानं रिकामी व्हायला हवीत, मागचं वाढलेलं पोटात जायला हवं, तरच पहिल्या फेरीला अर्थ. आणि दुसरंही एक कारण आहे. पंगतीत पोट भरलं, किंवा वाढपी फारच आग्रहाला पेटला, की माणूस काय करतो? पानावर हात आडवा धरतो. डायटमही अगदी हेच करतो. त्याच्यात पिवळसर रंगद्रव्यांची एक जोडी असते. ऊन डोईजड झालं की त्यातलं एक दुसऱ्यात बदलतं आणि येणारा उजेड हरितद्रव्याच्या कामापर्यंत पोचण्याआधीच उष्णता करून टाकून देतं. तेव्हा झोत मारला तरी लाल चमक वाढत नाही आणि आकडा घसरतो. काळोखात हा हात हळूहळू मागे घेतला जातो. त्याला काही मिनिटं लागतात, कधी अर्धा तास. पण उन्हाने आतलं यंत्रच मोडलं असेल, म्हणजे उजेड पकडणाऱ्या गाभ्यातलं प्रथिन भाजून निघालं असेल, तर ते नव्याने घडवायला काही तास जातात, आणि त्यासाठी पूर्ण काळोखापेक्षा किंचित मिणमिणता उजेड बरा पडतो.

मी त्या दोन बाटल्यांना सात-आठ मिनिटं दिली होती.

न्यू-ऑलेसुंडला काळोख मिळवणं किती कठीण असतं हे तिथे एप्रिलनंतर राहिल्याशिवाय कळत नाही. गाव ७९ अक्षांशाच्या जरासं खाली. एकेकाळी कोळशाच्या खाणीचं. १९६२ साली खाणीत स्फोट होऊन २१ माणसं गेली आणि पुढच्या वर्षी खाण कायमची बंद झाली. आता तिथे निरनिराळ्या देशांची संशोधन-घरं आहेत, त्यात आपलं ‘हिमाद्री’, २००८ पासून. गोव्यात वास्कोच्या हेडलँड सड्यावरच्या ज्या संस्थेतून आम्ही जातो तिथे खिडकीबाहेर मुरगाव बंदरातली जहाजं आणि दमट गरम वारा. आणि तिकडे छोट्या विमानातून उतरलं की नाकातले केस ताठ होतात. गावात दारांना कुलपं नसतात, कारण अस्वल आलं तर कुणालाही कुठल्याही घरात शिरता यायला हवं. आत जाताना बूट काढून ठेवायचे. तेवढ्यानेच मला ते घरासारखं वाटलं होतं. मोबाइल, वाय-फाय, ब्लूटूथ सगळं बंद, कारण जवळच आकाशातल्या फार दूरच्या स्रोतांचे रेडिओ-संकेत ऐकणाऱ्या अँटेना आहेत. गावाबाहेर तो लोखंडी मनोरा अजून उभा आहे ज्याला १९२६ मध्ये ध्रुवप्रवासी अमुंडसेनची ‘नोर्गे’ ही वायुनौका बांधली होती. संध्याकाळी मी तिथवर चालत जायची. संध्याकाळी म्हणते, पण तेव्हा संध्याकाळ नसते. एप्रिलच्या १८-१९ तारखेपासून ऑगस्टच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत सूर्य मावळतच नाही. रात्री दोन वाजता खिडकीच्या जाड पडद्याच्या कडेने उन्हाची एक धारदार रेघ माझ्या उशीवर यायची. मी ती टॉवेल कोंबून बंद करायची आणि तरी झोप येत नसे. काळोख ही आपोआप मिळणारी गोष्ट नव्हती, ती पुठ्ठा, काळी चिकटपट्टी आणि कापड लावून बनवावी लागे.

त्या दिवशी आम्ही सकाळी निघालो. एकजण बंदूक घेऊन अस्वलासाठी पहाऱ्यावर, बाकीचे ड्रिल धरून. बर्फाला भोक पाडताना आधी कोरडा करकर आवाज येतो, मग एकाएकी तो मऊ होतो आणि भोकातून समुद्र वर येतो, हिरवट काळा. दंडगोल बाहेर काढून आडवा केला की वरचा भाग दुधी, मधला काचेसारखा, आणि अगदी तळाशी दोन-तीन सेंटिमीटर तपकिरी. जणू कुणी चहाच्या गाळात बुडवून काढलं आहे. पहिल्यांदा बघणारा त्याला चिखल समजतो. मी हातमोजा काढून त्या थराला बोट लावलं होतं. गुळगुळीत, थोडं चिकट. वास आमच्या खाडीतल्या ओहोटीनंतरच्या खडकांचा. भिंगाखाली त्यात निट्झशिया फ्रिजिडाच्या फांद्याफांद्यांच्या वसाहती दिसतात, काचेची झुडपं जणू. नॉर्वेचा ध्रुवप्रवासी नान्सेनही ‘फ्राम’ जहाजावरच्या त्या लांबच लांब प्रवासात बर्फातल्या अशाच जीवांकडे सूक्ष्मदर्शकातून बघत बसायचा. मला ते वाचल्यापासून त्याच्या इतर पराक्रमांपेक्षा हे जास्त जवळचं वाटतं. बर्फ गोठताना मीठ बाहेर टाकतो. त्या खाऱ्या पाण्याच्या केसासारख्या बारीक नळ्या बर्फात राहतात आणि हे जीव त्या नळ्यांत आणि तळाला घर करतात. वर बर्फ, त्याच्यावर भुसभुशीत हिम. इतकं सगळं ओलांडून खाली पोचणारा उजेड वरच्याच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी. ते त्याच्यावर जगतात, वाढतात, आणि वसंतात पाण्यातली इतर शेवाळं जागी व्हायच्या आधी तिथल्या बारक्या जीवांना पहिलं ताजं अन्न देतात.

आणि असा थर मी उघड्या हिमावर, भर उन्हात ठेवला. करवत कुठे ठेवली होती ती सापडेना. काळी ताडपत्री घसरगाडीच्या तळाशी होती. किती वेळ गेला? दहा मिनिटं, कदाचित जास्त. हिमावर ऊन वरूनही येतं आणि खालूनही. ज्या पेशींनी जन्मभर फटीतून आलेला उजेड खाल्ला होता त्यांच्यावर एकदम शंभरपट ओतलं गेलं. थंडीत याचा मार आणखी वाईट बसतो. हरितद्रव्य उजेड पकडतं ते थंडी-उष्म्यावर अवलंबून नसतं, ती क्रिया उण्या तापमानातही तितक्याच वेगाने होते. पण पकडलेल्या उजेडाचं पुढे काहीतरी करणारी विकरं थंडीत मंदावतात. म्हणजे वाढपी तोच, वेगही तोच, पण जेवणाऱ्यांची बोटं गारठलेली. अशा वेळी पानावर हात आडवा धरायचा नाही तर काय करायचं? त्यांनी धरला होता. काहींचं आत मोडलंही असेल. आणि मी तो आडवा हात बघून लिहिलं, ‘मृत’.

तिसऱ्या बाटलीला अख्खी रात्र मिळाली. कापड नीट बसलेलं नव्हतं, शीतगृहाच्या दिव्याचा कवडसा कडेने आत जात होता. तोच तिच्या कामी आला असणार. आजही मला हे सांगताना दोन गोष्टी एकदम वाटतात. तो आकडा बघून झालेला आनंद खराच होता. मी शीतगृहात एकटी मोठ्याने हसले होते, तोंडातून वाफ आली होती. आणि लगेच नजर सिंककडे गेली होती. तिथल्या जाळीवर तपकिरी साय सुकून चिकटली होती.

त्याच रविवारी केबल जोडलेल्या संगणकावरून घरी बोलले. आईला सगळं सांगितलं, बर्फाखालचं शेवाळ, उजेड, काळोख. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “मगे थंय चार-चार महिने काळोख आसता तेव्हा ती खातत काय?” मला कुणी परीक्षकानेही इतका नेमका प्रश्न विचारला नव्हता. तिथे ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवतच नाही. मी तिला सांगितलं की ती साठवलेलं खातात, तेल आणि साखर. श्वास अगदी मंद करतात. काही जाड कवचाचे बीजाणू होऊन तळाशी जाऊन बसतात. काही जातींचे जीव दुसऱ्या जीवांना गिळतात. पुढे २०१८ साली नॉर्वेतल्या संशोधकांचं काम आलं. याच कोंग्सफ्योर्डमधून ऐन ध्रुवीय रात्रीत घेतलेल्या पेशींना उजेड दाखवला, तर त्यांचं प्रकाशसंश्लेषण फार झटकन सुरू झालं. म्हणजे इतक्या काळोखात त्यांनी चूल मोडून टाकलेली नव्हती, सारवून ठेवली होती. वाट बघायला खर्च लागतो. यंत्रणा नुसती जपून ठेवायलाही अन्न जाळावं लागतं, आणि उपाशी असताना ते जाळत राहायचं, कधीतरी उजेड येईल म्हणून. त्यांना ‘येईल म्हणून’ असं काही वाटत नसणार, हे मला माहीत आहे. पण माझ्याकडे दुसरा शब्द नाही.

आणि किती उजेड पुरतो? ‘पोलारस्टर्न’ हे जर्मन जहाज २०१९ च्या शरदात मुद्दाम बर्फात अडकवून वर्षभर आर्क्टिकमधून वाहू दिलं होतं. त्या मोहिमेत क्लारा होप्पे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मार्चअखेरीस, सूर्य नुकता क्षितिजाशी येत असताना, बर्फाखालच्या पाण्यात सूक्ष्मशैवाल वाढायला लागलेलं पाहिलं. २०२४ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. ज्या मापाने वेंगुर्ल्याच्या बंदरावर भर दुपारी २,००० च्या घरात ऊन मोजलं जातं, त्या मापाने तिथला उजेड ०.०४ पेक्षा जास्त नव्हता. पन्नास हजारावा हिस्सा. हे वाचलं तेव्हा मी आईला फोन करणार होते. मग वेळ बघितली, तिकडे मध्यरात्र झाली होती.

लहानपणी पावसाळा सरता सरता कधीतरी रात्री किनाऱ्यावर लाटा निळ्या पेटायच्या. आम्ही पाय आपटत पळायचो आणि पावलांभोवती ठिणग्या उठायच्या. बरेच लोक समजतात की मी त्या चमकेवर काम करते. ती वेगळी. ते जीव डिवचलं की स्वतःचा उजेड पाडतात. माझ्या कामातली चमक स्वतःची नसते, ती परत केलेली असते. एका मे महिन्यात घरी असताना हे आईला दाखवलं. शेवग्याचा पाला खलात कुटला, हात निर्जंतुक करायच्या स्पिरिटमध्ये कालवला, फडक्याने गाळला. काचेच्या पेल्यात गडद हिरवं पाणी. चुलतभावाच्या दुकानातली नोटा तपासायची जांभळी बॅटरी आणली. वीज गेलेलीच होती. पेल्यावर ती बॅटरी धरली आणि हिरवं पाणी लालभडक झालं. आई एक पाऊल मागे सरली. “ह्या तर रगात दिसता.” पाल्यावर तीच बॅटरी धरली तर जेमतेम तांबूस छटा. अर्क इतका का पेटतो हे मी तिला सांगितलं, आणि सांगताना मलाच ते नव्याने लागलं. अख्ख्या पानात हरितद्रव्याने पकडलेला उजेड लगेच पुढच्याला द्यायची सोय असते, म्हणून सांडतं थोडं. अर्कात ती सगळी घडी मोडलेली असते. उजेड पकडला जातो, पण द्यायचा कुणाला? मग शंभरातले पंचवीस-तीस भाग लाल होऊन बाहेर पडतात. ज्याचं घर मोडलंय ते हरितद्रव्य सगळ्यात जास्त चमकतं. आईने पेला उचलून उंबऱ्याबाहेर, तुळशीपासून लांब ओतला. पेला दोनदा घासला.

म्हणून नुसत्या चमकेवर माझा विश्वास नाही, आणि आता नुसत्या आकड्यावरही नाही. तो कुपीतल्या लाखो पेशींची सरासरी असतो. अर्ध्या ठणठणीत, अर्ध्या गेलेल्या, तरी मधला एक आकडा येतो आणि तो ‘सगळ्या जरा अशक्त आहेत’ असं सांगतो. तसं कुणीच नसतं. त्यातून पेशी वाढते आहे की नाही कळत नाही, तिने कर्ब किती बांधला कळत नाही, तिला लोह कमी पडतंय की नत्र हेही तेवढ्यावरून नाही. हे सगळं वेगळं मोजावं लागतं. आईलाही ताटावरून परीक्षा आहे एवढंच कळायचं, कसला पेपर आहे ते नाही. तरी जेव्हा बर्फाखाली हात पोचत नाही, जेव्हा एक नमुना वर काढायचा म्हणजेच त्याला भाजायचं, तेव्हा बाहेर सांडलेल्या लाल उजेडाइतकं नाजूक साधन माझ्या माहितीत दुसरं नाही. आता पाण्याखाली, जागच्या जागी मोजणारी यंत्रं आहेत, सूक्ष्मदर्शकाला जोडून एकेका पेशीची प्रतिदीप्ती दाखवणारीही आहेत. पडद्यावर एक पेशी निळी, शेजारची पिवळी, तिसरी काळी. मी पहिल्यांदा तो पडदा बघितला तेव्हा ओतून दिलेल्या बाटल्यांतल्या सरासरीच्या आत कोण कोण असेल, हाच विचार आला.

कोंग्सफ्योर्डमध्ये २००६ च्या हिवाळ्यापासून पूर्वीसारखा बर्फ धरत नाही. बाहेरचं कोमट समुद्राचं पाणी आत येतं. काही वर्षी आतल्या टोकाला थोडा, काही वर्षी जवळपास नाहीच. लोक मला म्हणतात, बर्फ नाही म्हणजे उजेड जास्त, मग शेवाळाला बरंच की. काहींना बरं असेलही. पाण्यात तरंगणाऱ्या जाती असतात, त्या वेगळ्या. पण ज्यांनी छत म्हणून बर्फ धरलेला आहे त्यांचं छतच गेलं. आणि उन्हाळ्यात वितळणाऱ्या हिमनद्यांचा तांबूस गाळ फ्योर्डच्या टोकाला इतका उतरतो की तिथे उजेड उलट कमी होतो. मी जिथे ड्रिल धरून उभी होते तिथे आता बहुतेक वसंतांत लाटा असतात. त्या बाटल्या पुन्हा भरून आणता येतील अशी माझी तेव्हा समजूत होती.

त्या मोहिमेवरून परत आले तेव्हा मे संपत आला होता. वेंगुर्ल्यात उतरले ती भर दुपारी, अंगावर उष्ण हवा ओल्या घोंगडीसारखी पडली. दीड महिना नीट झोप नव्हती. आईने तिरफळं घातलेली बांगड्याची कढी, उकड्या तांदळाचा भात, वर सोलकढी असं सगळं मांडलं होतं. सगळे भोवती बसले, अस्वल दिसलं का, किती थंडी, तिकडे रात्र होत नाही म्हणजे कसं. मी उत्तरं देत होते. दोन घास गेले आणि मग जाईना. आई परत वाढायला आली तेव्हा मी पानावर हात धरला. तिने आग्रह केला नाही. ताट उचललं, उरलेल्या भाताकडे एक क्षण बघितलं, सगळ्यांना हाताने गप्प राहायची खूण केली आणि मला मधल्या खोलीत नेलं. खिडकीची झापं ओढली, वरून जुनं लुगडं अडकवलं. फटी तरी राहिल्याच होत्या, कौलांमधून एक बारीक कवडसा जमिनीवर उतरला होता.

“पड जरा,” ती म्हणाली. “मगे बोलया.”

दार लोटून ती गेली. मागीलदारी ताटं विसळल्याचा आवाज येत होता.